फुलाला आकार कोण देतं?



ज्यांच्या स्मरणार्थ आपण या व्याख्यानमालेसाठी दरवर्षी इथे जमतो, ते हाडाचे शिक्षक होते. वर्गात उत्तरं सांगण्यापेक्षा विद्यार्थ्यांच्या मनात एखादा प्रश्न रुजवण्यात त्यांना जास्त रस असे. म्हणून आज मीही एकच प्रश्न घेऊन आलो आहे. प्रश्न साधा वाटेल. फुलं इतक्या तऱ्हांची का असतात?

सप्टेंबरातलं कासचं पठार आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. पश्चिम घाटातल्या ज्या स्थळांना युनेस्कोने २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कास आहे. तिथे फुलझाडांच्या साडेआठशेच्या वर जाती नोंदल्या गेल्या आहेत. खाली एकच जांभा दगड. त्यावर मातीचा पातळ थर. पाऊस सगळ्यांना तोच, ऊन तेच, वारा तोच. पानांकडे पाहिलंत तर बरीचशी झाडं एकमेकांच्या जवळची वाटतात: ठेंगणी, जमिनीलगतची, चार महिन्यांत आयुष्य उरकणारी. आणि फुलं? सोनकी पिवळीजर्द, तेरडा गुलाबी, सीतेची आसवं निळीजांभळी, गेंद पांढरे, आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, फुलाला मागे लांब शेपूट. हवामानाने आणि जमिनीने पानं एकमेकांसारखी केली असतील, तर फुलं एकमेकांसारखी का झाली नाहीत?

कारण फूल हवामानासाठी उमलत नाही. ते कुणीतरी यावं म्हणून उमलतं.

झाडाला चालता येत नाही. पराग एका फुलातून दुसऱ्या फुलात जायचे तर कुणीतरी ते न्यायला हवेत. जगातल्या फुलझाडांच्या दर आठ जातींपैकी साधारण सात जाती हे काम प्राण्यांकडून करून घेतात: माश्या, मधमाश्या, भुंगे, फुलपाखरं, पतंग, पक्षी, वटवाघळं. त्यांना आपण परागवाहक म्हणतो. या शब्दामुळे ते निव्वळ ओझी वाहणारे हमाल वाटतात. माझं आजचं सगळं म्हणणं याच्या उलट आहे. परागवाहक निवड करतो. आपल्याकडचा शेतकरी पीक उभं असतानाच रानात फिरून भरलेली कणसं हेरतो आणि बियाण्यासाठी बाजूला काढतो. तशी निवड मधमाशी रोज, दिवसभर करत असते. तिला बियाण्याची फिकीर नसते, तिला मकरंद हवा असतो. पण जे फूल तिला दिसलं, ज्याचा वास तिला आला, ज्याच्या तळापर्यंत तिची जीभ पोचली, त्याचे पराग पुढे गेले. जे दिसलं नाही, त्याचे गेले नाहीत. हे हजारो पिढ्या होऊ द्या. पाहुण्याची नजर, त्याच्या जिभेची लांबी, त्याची जागं होण्याची वेळ, हे सगळं फुलाच्या अंगावर उमटतं.

हे माणसाच्या लक्षात यायला फार उशीर लागला, याचं मला नेहमी नवल वाटतं. फुलांवर मधमाश्या बसतात हे कुणाला माहीत नव्हतं? पण त्या का बसतात आणि त्याने फुलाचं काय होतं, हे चिकाटीने पाहणाऱ्या पहिल्या काही माणसांत जर्मनीतला एक शाळामास्तर होता. ख्रिस्तियान कोन्राड स्प्रेंगेल. रानजिरेनियमच्या पाकळीच्या बुडाशी बारीक केस असतात. ते कशाला असावेत, या एवढ्याशा प्रश्नाने त्याला १७८७ साली पछाडलं. ते केस पावसाच्या थेंबापासून मकरंद वाचवतात, असं त्याला वाटलं. मग मकरंद कुणासाठी? कीटकांसाठी. मग पाकळीवरच्या रेषा? मकरंदाची वाट दाखवण्यासाठी. एका केसापासून निघून त्याने शेकडो जातींची फुलं तपासली आणि १७९३ साली पुस्तक प्रसिद्ध केलं. त्या काळात त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. पुढे चार्ल्स डार्विनने ते पुस्तक वाचलं आणि त्याची थोरवी ओळखली. पण डार्विनलाही फुलझाडांचं कोडं पूर्ण सुटलं नव्हतं. पृथ्वीच्या इतिहासात फुलझाडं उशिरा आली आणि पाहता पाहता त्यांच्या असंख्य जाती झाल्या. हे इतक्या झपाट्याने कसं घडलं? १८७९ साली मित्र हूकरला लिहिलेल्या पत्रात त्याने या प्रकाराला घोर गूढ म्हटलं होतं.

आता आपण आपल्या भोवतीच पाहू.

फाल्गुनात पळस फुलतो. पान एक नाही आणि सगळं झाड शेंदरी. फुलाला आपल्या नाकाला जाणवेल असा वास नाही, मकरंद मात्र भरपूर. असं का? मधमाशीच्या डोळ्याला तांबडा रंग नीट दिसत नाही. तिला निळा दिसतो, हिरवा दिसतो आणि आपल्याला न दिसणारा अतिनील रंगही दिसतो. पक्ष्यांना तांबडा उत्तम दिसतो. दिल्लीच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पळसाचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा झाडावर सात जातींचे पक्षी येताना दिसले. पण पराग खऱ्या अर्थाने पोचवणारा पक्षी त्यांत एकच निघाला: जांभळा शिंजीर. त्याच्या जोडीला तीन पट्ट्यांची खार. बाकीचे येत होते, मकरंद पीत होते, निघून जात होते. फुलावर बसणारा प्रत्येक जण परागवाहक नसतो, हे इथे लक्षात ठेवायला हवं. पुढे ते उपयोगी पडेल.

आता संध्याकाळनंतर बाहेर पडा. निशिगंध पांढरा, नळी लांब, वास रात्रीचा. सह्याद्रीतल्या हाबेनारिया गटातल्या कितीतरी आमरी पांढऱ्या, मागे मकरंदाची लांब शेपटी, आणि वास असलाच तर तोही अंधार पडल्यावर. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. आमरी इथली. दोघांचं नातं फार लांबचं, तरी चेहरा एक. कारण दोघांचा पाहुणा एक: रात्री उडणारा, लांब सोंडेचा पतंग. अंधारात तांबडा रंग काय कामाचा? तिथे पांढरं दिसतं आणि वास लांबवर जातो.

मादागास्करच्या आमरीची गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. फुलाची शेपटी सुमारे ३० सेंटिमीटर, मकरंद अगदी तळाशी. डार्विनने १८६२ साली लिहिलं की इतक्या लांब सोंडेचा पतंग मादागास्करात असलाच पाहिजे. त्या बेटावरच्या त्या पतंगाचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं १९०३ साली, म्हणजे डार्विनच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी. हे भाकीत म्हणून सांगितलं जातं आणि टाळ्या मिळवतं. मला त्यातली पायरी-पायरीने झालेली वाढ जास्त मोलाची वाटते. पतंगाची सोंड शेपटीपेक्षा लांब असेल तर तो फुलाला अंग न लावताच मकरंद पिऊन जातो, परागांचे पुंजके त्याला चिकटत नाहीत. म्हणून लांब शेपटीच्या फुलाला बी जास्त धरतं. मग लांब सोंडेच्या पतंगाला मकरंद जास्त मिळतो. मग शेपटी आणखी लांब. दोघं एकमेकांना पुढे ढकलत गेले.

कोकणच्या खाडीत पांढरी चिप्पी आहे. महाराष्ट्राने २०२० साली तिला राज्याची कांदळवन प्रजाती म्हणून घोषित केलं. तिची फुलं दिवस मावळता उमलतात, पांढऱ्या पुंकेसरांचा झुबका मोकळा होतो आणि सकाळपर्यंत तो गळून पाण्यावर तरंगू लागतो. हा थाट वटवाघळांसाठी. मलेशियात गुहेत राहणारी मकरंदभक्षक वटवाघळं याच गटातल्या झाडांसाठी रात्री कित्येक किलोमीटर उडत खाडीकडे जातात. आणि त्याच वटवाघळांवर तिथल्या ड्युरियनच्या बागाही अवलंबून असतात. खाडी बुजवली तर डोंगरातल्या बागेचं फळ कमी होतं, असा हा संबंध आहे.

आणि शेवळं! कोकणात आणि ठाणे-पालघरकडे पहिल्या पावसात जमिनीतून वर येतं, काकडाच्या फळांबरोबर शिजवून आपण त्याची भाजी करतो. तेच शेवळं रानात तसंच राहू दिलं तर त्याला कुजक्या मांसासारखा वास सुटतो. आपण नाक मुरडतो. पण तो वास आपल्यासाठी नाहीच. कुजक्यावर जगणाऱ्या किड्यांना तो बोलावतो. सुगंध आणि दुर्गंध हा भेद आपल्या नाकाचा आहे.

इथपर्यंत एखादा चिकित्सक श्रोता म्हणेल: फूल आणि पाहुणा यांचा मेळ दिसतो, मान्य. पण पाहुण्यामुळेच नवी जात निर्माण होते, याला पुरावा काय? प्रश्न रास्त आहे. मेळ दिसणं वेगळं आणि कारण सिद्ध होणं वेगळं.

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतात मिम्युलस नावाच्या रानफुलाच्या दोन सख्ख्या जाती आहेत. एक गुलाबी, पसरट पाकळ्यांची, उंचावर वाढणारी. तिच्यावर भुंगे येतात. दुसरी तांबडी, पाकळ्या मागे वळलेल्या, मकरंद भरपूर, खालच्या बाजूला वाढणारी. तिच्यावर हमिंगबर्ड येतात. मधल्या उंचीवर दोघी शेजारी-शेजारी वाढतात. माणसाने हाताने संकर केला तर सहज होतो आणि त्या संकराला पुढे बीही धरतं. पण निसर्गात संकर जवळजवळ सापडत नाही. भिंत कसली आहे? डोंगर नाही, नदी नाही. भिंत पाहुण्याची आहे. भुंगा तांबडीकडे जात नाही, पक्षी गुलाबीकडे जात नाही.

ब्रॅडशॉ आणि शेम्स्के या दोन शास्त्रज्ञांनी मग एक देखणा प्रयोग केला. पाकळीत पिवळा रंग भरायचा की नाही हे ठरवणारा जनुकांचा एक छोटा तुकडा त्यांनी पिढ्यान् पिढ्या संकर करून एका जातीतून दुसरीत नेला. बाकी झाड जवळजवळ तसंच, बदलला तो रंग. गुलाबी जात नारिंगी झाली, तांबडी जात गडद गुलाबी झाली. ही झाडं त्यांनी रानात नेऊन ठेवली आणि ती पाहत बसले. २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नारिंगी झालेल्या फुलांवर हमिंगबर्ड मूळ फुलांच्या ६८ पट जास्त आले. गडद गुलाबी झालेल्या तांबड्या जातीवर भुंगे ७४ पट जास्त आले. विचार करा. एक तुकडा बदलला आणि पाहुणा बदलला. पाहुणा बदलला की पराग वेगळ्या दिशेने जाऊ लागतात. पराग वेगळे पडले की दोन घराण्यांत रोटीबेटी बंद. आणि रोटीबेटी बंद झाली की पुढचे सगळे फरक साचत जातात. नवी जात वेगळी पडायला हीच सुरुवात पुरेशी ठरू शकते.

आपण म्हणाल, हे व्हायला लाखो वर्षं लागत असतील. काही बदलांना लागतातही. पण झ्युरिकमध्ये गेर्वासी आणि शीस्टल यांनी सरसू-सलगमच्या जातीतल्या, दोन-एक महिन्यांत बी देणाऱ्या झाडांवर एक प्रयोग केला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. बियाणं एकच. झाडांचे गट केले. एका गटाचं परागीभवन फक्त भुंग्यांनी करायचं, दुसऱ्याचं फक्त हॉवरफ्लाय नावाच्या माश्यांनी, तिसऱ्याचं हाताने. नऊ पिढ्या. अवघ्या नऊ. भुंग्यांच्या गटातली झाडं उंच झाली, फुलांचा वास वाढला. माश्यांच्या गटातली झाडं ठेंगणी राहिली, वास घटला, आणि स्वतःचेच पराग स्वतः वापरून बी धरण्याचं त्यांचं प्रमाण खूप वाढलं. का? कारण माशी कामात तितकी पटाईत नाही. परागवाहकाचा भरवसा नसेल, तर जे झाड स्वतःचं स्वतः भागवतं तेच टिकतं. हा मुद्दा मनात ठेवा. शेवटी मला त्याच्याकडेच यायचं आहे.

आता मी आपल्याला ज्या फुलापाशी सर्वांत जास्त वेळ थांबवणार आहे ते आपलं आहे. सह्याद्रीतलं कंदीलपुष्प. शास्त्रीय नाव सेरोपेजिया. काही जातींना गावाकडे खरपुडी, खर्चुडी म्हणतात. कंद खाण्यासाठी लोक ती उकरतात. भारतात याच्या पन्नासहून अधिक जाती आहेत, त्यांतल्या बऱ्याचशा जगात आणखी कुठेही उगवत नाहीत, आणि सह्याद्री हे त्यांचं मोठं माहेर आहे. कुठली एका कड्यावर, कुठली एका पठारावर. यांच्या नावांतच आपल्या वनस्पतिशास्त्राचा इतिहास आहे: पुण्याच्या प्रा. महाबळ्यांच्या नावाची एक जात आहे, खंडाळ्याच्या वनस्पतींवर पुस्तक लिहिणाऱ्या फादर सांतापावांच्या नावाची एक, मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेतल्या मॅक्कन यांच्या नावाची एक. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या फुलांसाठी जे काम केलं, त्याचं मोल फार मोठं आहे.

या फुलाची रचना पाहा. खाली फुगीर कोठी, वर लांब नळी, आणि नळीच्या तोंडावर पाच पाकळ्या टोकाशी एकत्र जुळलेल्या. त्यांच्यामध्ये खिडक्या. एक बारीक माशी वासाने खिडकीतून आत शिरते. आतली बाजू निसरडी, आणि नळीतले केस खालच्या दिशेने झुकलेले. खाली घसरता येतं, वर चढता येत नाही. कोठीच्या भिंतीत अनेक जातींत एक पातळ, उजेड झिरपू देणारा पट्टा असतो. माशी सुटकेसाठी उजेडाकडे जाते, पण उजेड कोठीच्या तळाकडून येतोय. ती तिथेच घुटमळते. घुटमळताना तिचं तोंड एका खाचेत अडकतं आणि परागांचा पुंजका तिथे चिमट्यासारखा बसतो. रात्र जाते. दुसऱ्या दिवशी नळीतले केस सुकून मऊ पडतात, फूल हळूहळू वाकतं आणि माशी बाहेर पडते. जिवंत. तोंडावर पराग घेऊन. आणि पुन्हा तोच वास आला की पुन्हा दुसऱ्या कंदिलात शिरते. एवढी गुंतागुंत, आणि आकार बोटभर!

माशीला यात काय मिळतं? फारच थोडं. मग ती का येते? दक्षिण आफ्रिकेतल्या एका कंदीलपुष्पाने या प्रश्नाचं थक्क करणारं उत्तर दिलं. तिथे काही बारीक माश्या दुसऱ्याच्या शिकारीवर जगतात: कोळ्याने मधमाशी पकडली की घायाळ मधमाशीच्या अंगातून स्रवणारा रस चाखायला त्या धावतात. त्या फुलाचा वास हुबेहूब घायाळ मधमाशीचा असतो. २०१६ साली हे प्रसिद्ध झालं. म्हणजे फुलात मधमाशी नाही, कोळी नाही, रस नाही. आहे तो फक्त संकटात सापडलेल्या मधमाशीचा वास.

आणि आता आपल्या प्रश्नाकडे या. कंदीलपुष्पांच्या जाती इतक्या का? बऱ्याच जातींच्या निरीक्षणांतून दिसलं आहे की एका जातीच्या कंदिलात ठरावीक गटातल्याच माश्या सापडतात. वास किंचित बदलला तर येणारी माशी बदलते. नळीची रुंदी बदलली तर आत मावणारी माशी बदलते. कड्याकपारींनी आधीच या झाडांना एकमेकांपासून दूर ठेवलेलं. त्यात वासाची भिंत उभी राहिली, तर घराणी वेगळी व्हायला किती वेळ लागणार? ज्या माशीकडे आपण ढुंकूनही पाहत नाही, जिला आपण हाताने हाकलतो, तिच्या नाकावर आपल्या डोंगरातल्या इतक्या दुर्मीळ फुलांचं रूप तोललेलं आहे. आणि माशीचा विषय निघालाच आहे तर सांगतो: आंब्याच्या मोहरावर परागीभवनाचं मोठं काम करणाऱ्यांतही माश्या आहेत. हापूस खाताना त्यांची आठवण ठेवावी.

या नात्याचं दुसरं टोक आपल्या दारात आहे. वड, पिंपळ, उंबर. फुलं फळासारख्या कोठीत बंद असतात, बाहेरून दिसत नाहीत. साधारणपणे प्रत्येक जातीची वरंघाटी, म्हणजे गांधीलमाशीच्या नात्यातला कीटक, वेगळी, अगदी बारीक. मादी अरुंद तोंडातून आत शिरते, शिरताना पंख तुटतात, आत पराग देते, अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढची पिढी आतच वाढते. बिनपंखांचे नर बाहेर जाण्याची वाट पोखरतात आणि पराग घेतलेल्या माद्या उडून जातात. त्यांचं आयुष्य दिवस-दोन दिवसांचं. तेवढ्यात आपल्याच जातीचं, त्याच अवस्थेतलं झाड शोधायचं. फायकस या गटाच्या जगात सुमारे साडेसातशे जाती आहेत. एवढ्या जाती आणि त्यांच्याबरोबरीने विभागत गेलेल्या वरंघाट्या. हा प्रवास कोट्यवधी वर्षांचा आहे.

मग पाहुणा एकच असेल आणि फुलं अनेक असतील, तर? हिमालयात आणि चीनच्या हेंगदुआन पर्वतात पेडिक्युलॅरिस नावाच्या झाडाच्या कितीतरी जाती एकाच कुरणात शेजारी फुलतात आणि सगळ्यांकडे येतात ते केसाळ भुंगेच. तिथे फुलांनी भुंग्याचं अंग वाटून घेतलं आहे. एकीची चोच भुंग्याच्या कपाळाला पराग लावते, दुसरीची पोटाला, तिसरीची पाठीला. शेजारणीचे पराग चुकून आले तर बी वाया जातं, म्हणून ज्या फुलाचा आकार शेजारणीपेक्षा वेगळा, ते फायद्यात. एकच पाहुणा, आणि त्याच्याच अंगावर जागा मिळवण्यासाठी इतकी रूपं.

इतकं सांगून झाल्यावर आता मी माझ्याच म्हणण्याला मर्यादा घालतो, कारण ती घातली नाही तर ते खोटं ठरेल. फुलझाडांच्या सगळ्या जाती परागवाहकांमुळे झाल्या का? नाही. पुष्कळ फुलांवर पाच-पन्नास प्रकारचे कीटक येतात आणि कुणा एकाची सत्ता चालत नाही. जाती वेगळ्या पडायला डोंगर, दऱ्या, माती, पाऊस हेही कारण असतात. कासचा जांभा स्वतःच एक बेट आहे. आणि गवतं पाहा. जगात गवतांच्या ११,००० हून अधिक जाती आहेत आणि त्यांच्यातल्या बहुतेकांचे पराग वारा नेतो. म्हणजे परागवाहक नसतानाही जाती होतात.

पण गवताचं फूल कधी भिंगाखाली पाहिलंय? दोन जातींच्या फुलांतला फरक सांगताना जाणकारालाही कष्ट पडतात. रंग नाही, वास नाही, मकरंद नाही. वाऱ्याला डोळे नाहीत, त्याला जीभ नाही, तो निवडत नाही. आता आमरींच्या २८,००० च्या आसपास जाती डोळ्यांपुढे आणा. म्हणून माझं म्हणणं असं: जाती अनेक कारणांनी होतात, पण फुलाला जो चेहरा आहे, रंग आहे, गंध आहे, तो पाहुण्याने दिला आहे.

आणि पाहुणा आत्ता, आपल्या डोळ्यांदेखत, बदलतो आहे.

फ्रान्समध्ये पॅरिसच्या परिसरात रानपॅन्सी नावाचं छोटं फूल शेतांच्या बांधावर उगवतं. तिथल्या वनस्पती-संवर्धन केंद्रात १९९० च्या दशकात आणि २००१ पर्यंत गोळा केलेलं त्याचं बियाणं जपून ठेवलेलं होतं. शास्त्रज्ञांनी ते जुनं बी आणि त्याच जागांवरून २०२१ साली आणलेलं बी शेजारी-शेजारी पेरलं. नव्या झाडांची फुलं १० टक्क्यांनी लहान निघाली. मकरंद २० टक्क्यांनी कमी. आणि स्वतःच्याच परागांवर बी धरण्याचं प्रमाण २७ टक्क्यांनी वाढलेलं. झ्युरिकच्या प्रयोगशाळेत माश्यांच्या गटात जे दिसलं होतं, तीच दिशा इथे उघड्या शेतात. पाहुणे कमी झाले, तर पाहुण्यांसाठी थाट मांडणाऱ्या झाडाचा तोटा होतो. फूल लहान होत जातं. मग मकरंद कमी म्हणून पाहुणे आणखी कमी. ही घसरण अवघ्या वीस-तीस वर्षांतली आहे. या सभागृहातल्या बहुतेकांचं वय त्याहून जास्त आहे.

मग मधमाश्यांच्या पेट्या वाढवल्या की भागेल का? हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारला जातो. पेट्यांबद्दल मला आदर आहे. महाबळेश्वरजवळच्या मांघर गावाने २०२२ साली देशातलं पहिलं मधाचं गाव होण्याचा मान मिळवला; सातेरी माशी सांभाळणारी ती माणसं जंगलही सांभाळतात. जांभूळ, हिरडा, कारवी यांच्या फुलोऱ्याचं वेळापत्रक त्यांच्याइतकं कुणाला पाठ असेल? पण सातेरीला कंदीलपुष्पात शिरता येत नाही. आमरीच्या शेपटीच्या तळाशी तिची जीभ पोचत नाही. चिप्पी उमलते तेव्हा ती पोळ्यात झोपलेली असते. पळसावर आलेल्या सात पक्ष्यांची आठवण करा: आलेला प्रत्येक जण परागवाहक नसतो. एक जात कितीही वाढवली तरी ती निवड एकाच तऱ्हेची करणार. शंभर तऱ्हांची फुलं टिकायला शंभर तऱ्हांचे पाहुणे लागतात, आणि त्यांतले कितीतरी रात्रीचे आहेत.

रात्रीच्या या पाहुण्यांबद्दल स्वित्झर्लंडमधल्या कुरणांतला एक प्रयोग आहे, २०१७ साली प्रसिद्ध झालेला. काळोख्या कुरणांत त्यांनी रस्त्यावरचे असतात तसे दिवे लावले आणि रात्रभर फुलांवर येणारे कीटक मोजले. दिव्याच्या उजेडात रात्रीच्या भेटी ६२ टक्क्यांनी घटल्या. त्यांनी ज्या झाडाची फळं मोजली, त्यावर दिवसाही भरपूर कीटक येत होते. तरी त्याची फळधारणा १३ टक्क्यांनी कमी झाली. रात्रीचं नुकसान दिवसाच्या मधमाश्यांना भरून काढता आलं नाही.

आपल्याकडे घाटमाथ्यावर, पठारांच्या अगदी कडेला, आता हॉटेलं आणि रिसॉर्टं उभी राहिली आहेत. त्यांच्या आवारात रात्रभर पांढरे झगझगीत दिवे जळतात, आणि त्यांचा झोत आवाराबाहेर, फुलांच्या पठारावर पडतो. जुलै ते ऑक्टोबर हा आमरींचा, कंदीलपुष्पांचा, पावसाळी फुलांचा काळ. त्या चार महिन्यांत रात्री नऊनंतर बाहेरचे दिवे बंद ठेवावेत, जे ठेवणं भागच आहे ते खाली झुकवावेत आणि पिवळसर रंगाचे असावेत. यासाठी ना मोठा निधी लागतो, ना नवा कायदा. ग्रामपंचायतीचा एक ठराव पुरेसा आहे. अशा ठरावाचा मसुदा मी लिहून आणला आहे. माथ्यावरच्या गावांतून आज जे कार्यकर्ते आले आहेत, त्यांनी जाताना त्याची प्रत माझ्याकडून घ्यावी आणि येत्या ग्रामसभेत मांडावी.